सीआरपी १४, पांढऱ्या पेशी १३,८००: गरोदरपणातले दाहाचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा. पत्नीला ३१ आठवडे झालेत. ताप नाही, पाणी गेलेलं नाही, बाळाची हालचाल रोजच्यासारखी. लॅबच्या एका पॅकेजमध्ये सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) १४ मिग्रॅ प्रति लिटर, पांढऱ्या पेशी १३,८००, ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) ६२ आणि न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर, म्हणजे एनएलआर, ५.२ आलंय. चारही आकडे लाल. आत संसर्ग झालाय का? बीपी वाढण्याची ही आगाऊ सूचना आहे का? आणि मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. या चारपैकी एकही आकडा, आणि चारही एकत्र धरले तरी, ३१ आठवड्यांच्या धडधाकट बाईला संसर्ग झाल्याचं सिद्ध करत नाहीत. ते लाल छापले गेले, कारण लॅबच्या संगणकात बहुतेक वेळा गरोदर नसलेल्या प्रौढांची रेंज भरलेली असते. तुमच्या प्रश्नात जे दोन आकडे हवे होते ते मात्र नाहीत: बीपी किती, आणि लघवीत प्रथिन आहे का. त्याकडे शेवटी येतो.

पांढऱ्या पेशींपासून सुरुवात करू. एरवी ४,००० ते ११,००० ही रेंज. गरोदरपणात कॉर्टिसॉल वाढतं, अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल जास्त सुटतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी प्रवाहात येतात. त्यामुळे शेवटच्या तिमाहीत १६,००० पर्यंतचा आकडा निरोगी बाईत दिसतो आणि प्रत्यक्ष कळांमध्ये तो २५,००० च्या पुढेही जातो. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, थोड्या कच्च्या पेशी दिसल्या आणि लॅबने 'शिफ्ट टू लेफ्ट' लिहिलं, तरी एवढ्यावरून घाबरायचं नसतं. न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट थोडे उतरतात, म्हणजे भागाकार आपोआप फुगतो. एनएलआर पाच येणं हे त्या भागाकाराचं गणित आहे, वेगळी माहिती त्यात काही नाही.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि तीच नजरेतून सुटते. जिच्या पेशी या दिवसांत ११-१२ हजार असायला हव्यात, तिच्या ४,००० आल्या तर रिपोर्टवर लाल काहीच नसतं. पण ही मोठी घसरण आहे. जुलै ते ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात तापाच्या गरोदर बाईचा आकडा असा खाली असेल तर पहिला संशय डेंग्यूचा.

ईएसआरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लाल पेशी किती लवकर खाली बसतात एवढंच ही तपासणी मोजते. गरोदरपणात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढून ३०० ते ६०० मिग्रॅ प्रति डेसिलिटर होतं, पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती होतात आणि भराभर खाली बसतात. शेवटच्या २० आठवड्यांत हिमोग्लोबिन चांगलं असेल तर ७० पर्यंत आणि अॅनिमिया असेल तर ९५ पर्यंत ईएसआर सामान्य धरतात. ६२ त्याच्या आतच आहे. गरोदरपणात ही तपासणी मागवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीआरपी त्यातल्या त्यात कामाची. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं. ते यकृतात तयार होतं, आणि ते बनवण्याचा हुकूम मुख्यतः इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा निरोप पोचवणारं प्रथिन देतं. चेतना मिळाल्यावर सहा ते बारा तासांत आकडा चढू लागतो, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठतो. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तास, आणि ते आजारानुसार बदलत नाही. म्हणून आकडा किती हे फक्त उत्पादन किती चाललंय यावर ठरतं. कारण थांबलं की दुसऱ्या दिवशी तो निम्म्याच्या जवळ यायला हवा.

गरोदरपणात सीआरपी थोडी वाढलेलीच असते. बहुतेक जणींची दहाच्या आत, पण १५ ते २० पर्यंतही काही आजार सापडत नाही. वजन जास्त असेल तर चरबीच्या पेशीच इंटरल्यूकिन-६ सोडतात, त्यामुळे तिची सीआरपी कायमच वर. हिरड्या सुजलेल्या असतील, आठवड्यापूर्वी सर्दी-खोकला झाला असेल, किंवा कालच धनुर्वाताची वा फ्लूची लस घेतली असेल तरीही थोडी वाढ दिसते. हिरड्यांचे उपचार गरोदरपणात करून घ्यायला हरकत नाही. मात्र त्यामुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते, असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

एकक नीट वाचा. काही लॅब मिग्रॅ प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. तुमचं १४ प्रति लिटर म्हणजे दुसऱ्या लॅबचं १.४. आधीचा रिपोर्ट एका लॅबचा आणि नंतरचा दुसरीचा असला की दहापट वाढ झाल्याचा भास होतो. 'हाय सेन्सिटिव्हिटी' सीआरपी म्हणजे तोच रेणू बारीक मोजमापाने मोजलेला. तिथे छापलेले एक आणि तीनचे टप्पे हृदयविकाराच्या जोखमीसाठी आहेत, गरोदर बाईशी त्यांचा संबंध नाही.

आता मूळ मुद्दा. सीआरपी आपल्याला आईच्या यकृतापर्यंत काय पोचलं तेवढंच सांगते, गर्भपिशवीत काय चाललंय ते नव्हे. या दोन जागांमधलं अंतर समजलं की पुढचं सगळं उलगडतं.

हे सगळ्यात नीट दिसतं ते दिवस भरण्याआधी पाणी गेलेल्या बाईत. ३७ आठवड्यांपूर्वी पिशवी फुटली की योनीतले जंतू वर चढतात. पडद्यांमध्ये आणि गर्भजलात दाह सुरू होतो, तिथे इंटरल्यूकिन-६ प्रचंड वाढतं, प्रोस्टाग्लँडिन ही कळा आणणारी रसायनं सुटतात आणि कळा सुरू होतात. गर्भजलात इंटरल्यूकिन-६ मिलिलिटरमागे २.६ नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल तर आत दाह आहे असं संशोधक मानतात. पण आईच्या पाच-सहा लिटर रक्तात उतरेपर्यंत त्यातलं फार थोडं उरतं. त्यामुळे सुरुवातीला आत आग लागलेली असते आणि आईची सीआरपी आठ. त्यातून युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा हे या जागेचे नेहमीचे जंतू फार गाजावाजा करत नाहीत आणि साध्या कल्चरमध्ये उगवतही नाहीत. त्यांना पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन गटातली औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. पाणी गेल्यावर एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ दिवसातून चार वेळा, दहा दिवस देतात, त्यामागचं हे एक कारण. याउलट अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड या परिस्थितीत टाळतात. २००१ च्या ओरॅकल चाचणीत त्या गटातल्या बाळांमध्ये आतडी सडण्याचा आजार जास्त दिसला होता. मेडिकलवाले सहसा नेमकी हीच गोळी काढून देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

मग पाणी गेलेल्या बाईची सीआरपी वारंवार का करतात? एका आकड्यासाठी नव्हे, चढ-उतारासाठी. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलंय की आईची तपासणी, सीआरपी आणि पांढऱ्या पेशी, आणि बाळाचे ठोके हे एकत्र पाहावेत. यांतल्या एकट्यावर निदान करू नये. गर्भपिशवीतल्या संसर्गाच्या अमेरिकी निकषांत ताप पहिला: ३९ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल तर एकदाच पुरे. ३८ ते ३८.९ असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं, आणि सोबत पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर, गर्भमुखातून पू किंवा बाळाचे ठोके दहा मिनिटांहून जास्त वेळ १६० च्या वर यांपैकी काहीतरी असायला हवं.

इथे दोन गोष्टी हमखास घोटाळा करतात.

पहिली, बाळाच्या फुफ्फुसांसाठीची स्टेरॉइडची इंजेक्शनं. बीटामेथासोन १२ मिग्रॅचे दोन डोस २४ तासांच्या अंतराने, किंवा आपल्या सरकारी कार्यक्रमात डेक्सामेथासोन ६ मिग्रॅचे चार डोस दर १२ तासांनी. या औषधाने न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट पडतात. दुसऱ्या दिवशी पेशी १८,००० दिसू शकतात, एनएलआर दहाच्या वर जाऊ शकतं, आणि हा परिणाम ओसरायला तीनेक दिवस लागतात. म्हणून १५,००० चा निकष स्टेरॉइड दिलेलं नसेल तरच लागू. सीआरपीला मात्र स्टेरॉइड वर ढकलत नाही. पेशी १८,००० आणि सीआरपी ८ वरच थांबलेली असेल तर इंजेक्शनकडे बोट दाखवायचं. पेशी १८,०००, सीआरपी १२ वरून ४० आणि तिथून ८५, आईची नाडी ११० असेल तर इंजेक्शनच्या नावावर ढकलून वाट पाहणं हा गुन्हाच.

दुसरी गोष्ट म्हणजे कळा थांबवायला आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं आयसॉक्सुप्रिन. त्याने आईची नाडी आणि बाळाचे ठोके दोन्ही वाढतात. ते चालू असेल तर ठोक्यांचा निकष अर्धा निकामी होतो. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी चालू असेल तर तापाचंही तेच. फाइलवर ही औषधं किती वाजता दिली हे लिहिलेलं नसेल, तर सकाळच्या राउंडला आकडे वाचणारा फसतो.

निदान पक्कं झाल्यावर सीआरपी खाली येण्याची वाट पाहत बसायचं नसतं. अँपिसिलिन २ ग्रॅम दर सहा तासांनी आणि जेंटामायसिन वजनाप्रमाणे शिरेतून सुरू करून प्रसूतीकडे वळायचं. संसर्ग आहे म्हणून सिझेरियनच करायला हवं असं नाही, कळा नीट पुढे सरकत असतील तर नॉर्मल प्रसूती चालते. पाणी न जाता फक्त लवकर कळा येतात, तिथे सीआरपीने दिवस भरतील का हे ठरत नाही. त्यासाठी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भमुखाची लांबी पाहा, २५ मिमीच्या खाली असेल तर लक्ष द्या.

आता बीपीचा प्रश्न. प्री-एक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवर परिणाम होण्याच्या आजारात, दाह असतो हे खरं. अशा बायकांच्या गटाची सरासरी सीआरपी, इंटरल्यूकिन-६, एनएलआर निरोगी गटापेक्षा जास्त येते, त्यावर ढीगभर शोधनिबंध आहेत. पण दोन गटांची सरासरी वेगळी असणं आणि समोरच्या एका बाईबद्दल सांगता येणं यांत फार अंतर आहे. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की कुठेही रेघ ओढली तरी निम्म्या-अर्ध्या चुकीच्या बाजूला पडतात. शिवाय वजन जास्त असलेल्या बायकांना हा आजार जास्त होतो आणि सीआरपीही त्यांचीच जास्त, म्हणजे कारण कुणाचं हेच धूसर. एनएलआरवरून 'प्री-एक्लॅम्पसियाचा धोका' छापणारी पॅकेजं पाहिली की चिडायला होतं.

या आजाराचं मूळ वारेत आहे. गर्भपिशवीच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत, वारेला रक्त कमी पडतं आणि ती एस-एफएलटी-१ नावाचं प्रथिन आईच्या रक्तात सोडते. ते पीएलजीएफ आणि व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या जपणाऱ्या घटकांना पकडून निकामी करतं. २००३ मध्ये हे उलगडणाऱ्या गटात अनंत करुमंची हे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ होते. म्हणून इथे मोजायचं ते एस-एफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर. २०१६ च्या प्रोग्नोसिस अभ्यासात संशय असलेल्या बायकांमध्ये हे गुणोत्तर ३८ किंवा कमी आलं तर पुढच्या आठवड्यात आजार होणार नाही असं ९९.३ टक्के वेळा बरोबर ठरलं. पण ३८ च्या वर असलेल्यांपैकी चार आठवड्यांत आजार झाला तो ३६.७ टक्क्यांनाच. म्हणजे ही चाचणी धीर देण्यात पक्की, भीती घालण्यात कच्ची. बीपी किंवा लक्षणांमुळे शंका आली असेल तरच ती करायची, हौस म्हणून नाही.

हेल्प सिंड्रोममध्ये, म्हणजे प्लेटलेट पडतात, लाल पेशी फुटतात आणि यकृत बिघडतं तेव्हा, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) ६०० च्या वर, एएसटी (यकृताचं एन्झाइम) ७० च्या वर आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली असे आकडे पाहतात. काही जणींत बीपी फारसं न वाढताही हे होतं. इथे नमुना कसा घेतला हे मोलाचं. बारीक सुईने रक्त ओढून, सुई न काढता जोराने ट्यूबमध्ये ढकललं की पेशी ट्यूबमध्येच फुटतात आणि एलडीएच, एएसटी खोटे वाढतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे काही जणींच्या प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र ४०,००० मोजतं. असं वाटलं तर स्मिअर पाहायला सांगा, किंवा निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजून येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा.

पावसाळ्यात हेल्प, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) एकमेकांची सोंगं घेतात. तिन्हींत प्लेटलेट पडतात, एएसटी वाढतं. डेंग्यूत पांढऱ्या पेशी कमी, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं, सीआरपी सहसा बेताची, आणि पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ हे डेंग्यू विषाणूचं प्रथिन सापडतं. लेप्टोमध्ये, म्हणजे मुंबईच्या साचलेल्या पाण्यात किंवा कोकणातल्या भाताच्या खाचरात पाय बुडाले असतील तर, न्यूट्रोफिल आणि सीआरपी भरपूर वर, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिनही वर. हेल्पमध्ये ताप नसतो. तिन्हींमध्ये उपचार वेगळे, आणि हेल्पचा उपाय प्रसूती हाच, म्हणून ही चूक महागात पडते.

ताप असलेल्या गरोदर बाईत प्रोकॅल्सिटोनिन ही आणखी एक रक्ततपासणी उपयोगी पडते. ०.५ च्या वर असेल तर जिवाणूंचा संसर्ग जास्त संभवतो. पण ते कमी आलं म्हणून अँटिबायोटिक रोखायचं नाही. सेप्सिसची, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागल्याची शंका असेल तर ब्लड कल्चर आधी, अँटिबायोटिक तासाभरात, आणि लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल). लॅक्टेटचा नमुना राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये, पट्टा फार वेळ न आवळता. कळांच्या जोरातही ते चढतं हे लक्षात ठेवा. वरचं बीपी ९० च्या खाली, श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, भान हरपल्यासारखं: यांतलं दोन असेल तर कुठल्याही रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

बाळंतपणानंतर तर सीआरपी वाढणारच. सिझेरियननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शंभराच्या आसपास किंवा पुढे जाते, टाक्यांच्या जखमेचा तो नैसर्गिक प्रतिसाद आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायला हवी. उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढली, तर गर्भपिशवी, टाके, लघवी, स्तन, पोटातला पू शोधायचा. पोटदुखी तपासणीत सापडणाऱ्या खुणांपेक्षा फारच जास्त असेल, जुलाब लागले असतील, तर ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस या घातक जंतूची आठवण ठेवा. त्यात पांढऱ्या पेशी उलट घसरलेल्याही असतात.

दाहाचा आणखी एक परिणाम आपल्याकडे रोज भेटतो. फेरिटिन हे लोहसाठ्याचं मोजमाप, पण दाहात तेही चढतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना अॅनिमिया आढळला. अशा बाईचं फेरिटिन ताप किंवा संसर्ग चालू असताना ६० आलं म्हणून लोह बंद करायचं नसतं. सीआरपी खाली आल्यावर ते पुन्हा करा, ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहेच.

वारंवार गर्भपात झालेल्यांना रक्तातल्या 'एनके पेशी' (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि सायटोकाइन (इंटरल्यूकिन-६ सारखी निरोप्या प्रथिनं) यांची महागडी पॅनेल सुचवली जातात, त्यावरून सलाइनमधून इंट्रालिपिड हे चरबीचं द्रावण चढवलं जातं. युरोपच्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने सायटोकाइन चाचण्या करू नयेत असं म्हटलंय, आणि एनके पेशींबद्दल पुरावा अपुरा ठरवलाय. रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपाताशी जोडलेल्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी मात्र जरूर करा, आणि १२ आठवड्यांनी पुन्हा.

आता तुमच्या पत्नीचं. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, कफ दंडाला पुरेसा मोठा. बीपी १४०/९० किंवा जास्त आलं तर चार तासांनी पुन्हा. लघवीत प्रथिन एक अधिक (१+) आलं तर प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, तिथे ०.३ ही मर्यादा. लघवीचं कल्चर या गरोदरपणात झालं नसेल तर करून घ्या, कारण लक्षणांशिवाय असलेल्या जंतूंत सीआरपी हूं की चूं करत नाही, आणि ते वर किडनीत गेले की थंडी वाजून ताप येतो. दात पाहून घ्या. बीपी आणि लघवी ठीक असेल तर ही चार तपासण्या पुन्हा करण्याची गरज नाही. डॉक्टरांना सीआरपी पाहायचीच असेल तर त्याच लॅबमध्ये, दोन दिवसांनी.

मध्यरात्री असलं तरी निघायचं ते यासाठी: पाणी जाणं, मग थेंबथेंब का असेना, त्याला हिरवट रंग किंवा वास असेल तर जास्तच, ३८ च्या वर ताप, बाळाची हालचाल कमी होणं, न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे दुखणं, बीपी १६०/११०. निघताना फाइल, स्टेरॉइड दिलं असल्यास त्याची तारीख-वेळ आणि शेवटची पॅरासिटामॉल किती वाजता घेतली ते कागदावर लिहून सोबत घ्या.